सांगता येत नाही

पाकीट तपकिरी होतं, तोंड डिंकानं चिकटवलेलं. मी ते स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटसमोर धरलं, आतल्या कागदावरच्या खुणा दिसतायत का बघायला. दिसल्या नाहीत. एक डोळा मिटून बघितलं, पाकीट वाकवून बघितलं, आणि मागं वळलो तर दारात पोरगं उभं. हातात रिकामी बाटली. त्यानं माझ्याकडं बघितलं, पाकिटाकडं बघितलं, फ्रिज उघडला, भरलेली बाटली घेतली आणि गेलं. एक शब्द नाही.

आदळआपट केली असती तर मला सोपं गेलं असतं. आदळआपटीला आमच्या घरात उत्तर तयार असतं.

त्या पाकिटाची हकीकत अशी. दिवाळीच्या सुट्टीआधी पोराच्या शाळेत पीएच.डी. करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. किशोरवयीन मुलांचं व्यक्तिमत्त्व आणि कुटुंबाचं स्वास्थ्य असा काहीसा विषय. ज्या पालकांनी संमतीपत्रावर सही केली त्यांच्या घरी तीन प्रश्नावल्या आल्या: एक मुलानं स्वतःबद्दल भरायची, एक आईनं मुलाबद्दल, एक वडिलांनी. तिघांची पाकिटं वेगळी, एकमेकांचं बघायचं नाही अशी जाड अक्षरात सूचना. साठ विधानं आणि प्रत्येकासमोर पाच चौकोन. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत.

फॉर्म भरणं हाच माझा धंदा आहे. सांगलीच्या वखार भागात माझं छोटं ऑफिस आहे, जीएसटी आणि इन्कम टॅक्सची रिटर्न भरतो. त्यामुळं मोठ्या रुबाबात बसलो. ‘तो आपल्या वस्तू जागच्या जागी ठेवतो.’ पूर्ण असहमत. टिकमार्क कागदातून आरपार जाईल इतक्या जोरात. ‘नवीन माणसांत तो लगेच मिसळतो.’ असहमत. पहिली दहा-बारा अशी सटासट गेली. मग आलं, ‘त्याला अनेकदा एकटं वाटतं.’ पेन थांबलं. पुढं, ‘चूक झाली तर तो स्वतःलाच दोष देत राहतो.’ त्याच्या पुढं, ‘काळजी वाटली की तो घरातल्या कुणाला तरी सांगतो.’ आता हे मला कसं माहीत असणार? मला सांगत नाही म्हणजे आईला सांगत असेल. आईला सांगत नसेल तर मित्राला सांगत असेल, पण मित्र घरातला नव्हे. शेवटी मोजलं. साठातल्या तेवीस ठिकाणी मी ‘सांगता येत नाही’ला टिक केली होती. एवढ्या रिकाम्या रकान्यांचा फॉर्म एखाद्या क्लायंटनं आणला असता तर मी त्याला चहा न पाजता परत पाठवला असता.

बायकोनं एकदाही तो चौकोन वापरला नाही. म्हणाली, "आई आहे मी त्याची. सांगता येत नाही म्हणजे काय, अहो?"

पोरगं यंदा दहावीला आहे. त्याचं सगळ्यात आवडतं वाक्य ‘काही नाही’. काय झालं? काही नाही. आज शाळेत काय झालं? काही नाही. चेहरा का असा? काही नाही. आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या मते यात काळजीचं कारण नाही. "पोरगं घुमं हाय," एवढंच ते म्हणतात आणि पेपर वर करतात. अण्णा स्वतः दिवसाकाठी पन्नास शब्द बोलत असतील, त्यातले वीस गायीच्या दुधाबद्दल. बायको म्हणते तुमच्या घराण्यात तोंड उघडायला मुहूर्त लागतो. तिचं चुकत नाही, आणि संशोधकही तिच्या बाजूचे आहेत. जुळ्या भावंडांवर पन्नास वर्षांत झालेले अभ्यास 2015 साली एकत्र तपासले गेले, तेव्हा माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी 49 टक्के आनुवंशिकतेकडं जातात असं निघालं. स्वभावाचंही साधारण तसंच. उरलेल्यावर मात्र आईवडिलांनी फार हक्क सांगू नये. एका घरात, एका ताटात वाढलेली भावंडं त्यामुळं एकसारखी होतात असं काही दिसत नाही.

पाकिटाच्या प्रसंगानंतर आठ दिवस आमच्यात ‘जेवलास का’ आणि ‘हो’ एवढंच चाललं. त्या आठ दिवसांत मी रात्री लॅपटॉप उघडून किशोरवयाबद्दल मिळेल ते वाचलं. पोराशी बोलायचं सोडून पोरांबद्दल वाचत बसणं यातला विनोद मला तेव्हाच कळत होता, पण त्याची खोली बंद होती आणि लॅपटॉप उघडा.

आधी बोट ठेवलं ते त्या प्रश्नावलीच्या मुळावर. माणसाचा स्वभाव असा चौकोनांत मोजायची कल्पना आली कुठून? 1936 मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट हे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ इंग्रजीचा जाडजूड शब्दकोश घेऊन बसले आणि एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं दाखवणारे सगळे शब्द त्यांनी वेचून काढले. भरले जवळपास 18 हजार. त्यांचा तर्क मला फार आवडला: माणसांना एकमेकांत जो फरक महत्त्वाचा वाटतो, त्याला भाषेत कधी ना कधी शब्द तयार होतोच. पुढच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून चाळण लावत लावत पाच मोठे गठ्ठे केले. लोकांत रमणं, दुसऱ्याशी जुळवून घेणं, काम नेटानं आणि नेमानं करणं, मनाची चलबिचल, आणि नव्याची ओढ. आजचं व्यक्तिमत्त्वाचं बरंचसं संशोधन या पाचांवर उभं आहे.

मी आपला मराठीत तेच करून बघायला लागलो. भिडस्त, तिरसट, आगाऊ, लोचट, हळवा, वेंधळा, चिवट, भोचक, एककल्ली, मनमिळाऊ, आतल्या गाठीचा, मुखदुर्बळ. ‘भिडस्त’ या शब्दाला पाचातल्या कुठल्या गठ्ठ्यात टाकणार? त्यात लाजाळूपणा आहे, समोरच्याचं मन न मोडण्याची सवय आहे आणि स्वतःचं नुकसान करून घेण्याची तयारीही आहे. आणि ‘घुमा’? बोलत नाही एवढंच त्यात नाही. आत काहीतरी चाललंय आणि ते हा दाबून बसलाय, असा बोलणाऱ्याचा संशयसुद्धा त्याच शब्दात आहे. आपल्या शब्दांची गंमत ही आणि गोचीही हीच. पाच गठ्ठ्यांत माणूस कमी-जास्त असतो, पट्टीवर कुठंतरी असतो. ‘घुमं’ म्हटलं की विषय संपला. बायकोच्या माहेरचे तर जन्मराशीवरच थांबतात: वृश्चिकेचा आहे, असाच असायचा.

या पट्ट्यांवर वयाप्रमाणं काय होतं, याचाही हिशेब कुणीतरी घातला आहे. 2011 साली ख्रिस्तोफर सोटो आणि सहकाऱ्यांनी 10 ते 65 वयाच्या 12 लाखांहून जास्त लोकांची इंटरनेटवर भरलेली उत्तरं मांडली. लहानपणाकडून किशोरवयाकडं जाताना जुळवून घेणं आणि नेमानं वागणं या दोन्हींचा आलेख खाली येतो आणि नंतर परत चढायला लागतो. मुलींमध्ये त्याच सुमारास मनाची चलबिचल वाढते. म्हणजे पाचवीतलं गुणी पोर आठवीत बिघडलं असं जे घरोघरी वाटतं, ते शेजारच्या मुलाच्या संगतीनं किंवा मोबाइलनंच होतं असं नव्हे. त्याआधी 2006 मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स यांच्या गटानं 92 गटांवरचे दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की स्वभावात सर्वांत जास्त बदल विशी ते चाळिशीत होतात. पंधराव्या वर्षी निकाल लावायची घाई आपल्यालाच.

झोपेचं तर मी बायकोला छापून दिलं. वयात येताना शरीराचं घड्याळच मागं सरकतं, झोप उशिरा येते आणि उशिरा उतरते. मेरी कार्सकाडन या बाईंनी त्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. अण्णा साडेचारला उठतात आणि पोरगं रविवारी साडेनवाला. एका घरात दोन देश नांदतात म्हणायचं आणि सोडून द्यायचं. बायकोनं तो कागद वाचला आणि त्यावर लिंबं ठेवली.

मला खरं अडवलं ते थॉमस आणि चेस या नवराबायकोनं. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ. 1956 पासून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या 133 मुलांकडं तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत लक्ष ठेवलं. साधारण 40 टक्के मुलं सोपी निघाली, 10 टक्के अवघड, आणि 15 टक्के अशी की ज्यांना नव्याशी जमवून घ्यायला वेळ लागतो; आधी मागं सरतात, कडेला उभी राहून बघतात, मग येतात. उरलेली 35 टक्के कुठल्याच कप्प्यात बसेनात. त्यांनी तसं सरळ लिहून टाकलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. म्हणजे त्यांच्याकडंही तो मधला चौकोन होताच.

पण त्यांचं मोठं म्हणणं वेगळं होतं. मूल पुढं सुखी होईल की अडचणीत येईल, हे त्याच्या मूळ स्वभावावर जितकं ठरतं त्याहून जास्त त्या स्वभावाचा आणि घराच्या अपेक्षेचा मेळ कसा बसतो यावर ठरतं. तोच मुलगा एका घरात शहाणा ठरतो आणि दुसऱ्या घरात डोकेदुखी.

हे वाचलं आणि मला आमचं मार्केट यार्डातलं अडत दुकान दिसायला लागलं. मी आणि धाकटा भाऊ सुट्टीत तिथंच असायचो. हळदीचे सौदे सुरू झाले की दुकानात माणसांची झुंबड. धाकटा हमालांना नावानं हाका मारायचा, शेतकऱ्यांना पाणी द्यायचा, सौद्याला आलेल्या व्यापाऱ्यांची नक्कल करून दाखवायचा. अण्णा हसायचे. हळकुंड मोडून आतला रंग कसा बघायचा हे अण्णांनी त्याला शिकवलं. मी पोत्यांच्या आडोशाला उभा. कुणी काही विचारलं की कान लाल. "हे आमचं दिवाणजी," असं म्हणून अण्णांनी मला मागच्या खोलीत खतावणीपुढं बसवलं. त्यांनी ते चेष्टेनं म्हटलं की आधार म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. खतावणीपुढं मला बरं वाटायचं एवढं खरं. आज मी त्याच खतावण्यांवर पोट भरतो आणि भाऊ पुण्यात मोटारी विकतो. मेळ बसला म्हणायचा का? पुढच्या खोलीत मला उभं राहायचं होतं की नाही, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. घुमाच होतो ना.

आणि तरी मी पोराला दर लग्नात पुढं ढकलतो. "जा की, बोल की काकांशी. मान खाली का? काय खात्यात का ते?"

मधे एके रात्री त्या तीन पाकिटांचं गणितही सापडलं. 1987 मध्ये थॉमस आखेनबाख आणि दोघा सहकाऱ्यांनी 119 अभ्यास एकत्र करून विचारलं होतं की एकाच मुलाच्या वागण्याच्या आणि मनाच्या तक्रारींबद्दल वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरं किती जुळतात. तंतोतंत जुळली तर 1, काडीचा संबंध नसेल तर 0. आईवडिलांसारखे एकाच ठिकाणी मुलाला बघणारे दोघं असले तर सरासरी 0.60. आणि मुलानं स्वतःबद्दल दिलेली उत्तरं दुसऱ्यांच्या उत्तरांशी ताडली तर 0.22. माझ्या क्लायंटची वही आणि बँकेचं स्टेटमेंट यांचा असा मेळ लागला तर मी रात्री झोपणार नाही. आम्ही नवराबायको पोराबद्दल एकमेकांशी बऱ्यापैकी सहमत असू, पण ज्याच्याबद्दल सहमत आहोत तो कदाचित आमच्या दोघांतच राहतो. यात कुणी खोटं बोलतं असं आखेनबाख म्हणत नाहीत. घरातलं मूल, वर्गातलं मूल आणि स्वतःपुरतं मूल वेगवेगळ्या जागी वावरतं, आणि जो तो आपल्या जागेवरून बघतो.

मग जागा वाढवायच्या, असं कुठल्याही हुशार बापाला सुचेल. मलाही सुचलं होतं, दोन वर्षांपूर्वीच. त्याच्या फोनचं लोकेशन माझ्या फोनवर दिसतं. क्लासमध्ये बोटाचा ठसा लावला की मला मेसेज येतो, ‘आपला पाल्य वर्गात उपस्थित आहे’. पालकांच्या ग्रुपवर चाचणीचे गुण पोराच्या आधी मला कळतात. सकाळी सात ते रात्री नऊ तो कुठं आहे हे मी मिनिटावर सांगू शकतो. आणि तेवीस चौकोन तरीही तसेच.

इथं मला स्वीडन भेटलं. बापांनी पोरांवर लक्ष ठेवलं की पोरं कमी बिघडतात, असं संशोधनात कैक वर्षं मानलं जात होतं. मुलगा कुठं असतो, कुणाबरोबर असतो, पैसे कशावर घालवतो हे ज्या पालकांना माहीत असतं, त्यांची मुलं कमी भानगडीत सापडतात हे वारंवार दिसलं होतं. एरेब्रू विद्यापीठातल्या हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी 2000 साली त्यावर एक शेतकरी विचारेल असा प्रश्न विचारला: पण हे पालकांना कळतं कसं? आजवरच्या प्रश्नावल्या ‘तुम्हाला माहीत आहे का’ एवढंच विचारत होत्या आणि माहीत आहे म्हणजे लक्ष ठेवलं असं गृहीत धरत होत्या. या दोघांनी 703 मुलं, वय 14, आणि त्यांचे पालक घेतले आणि वाटा वेगळ्या केल्या. पालक खोदून विचारतात का, नियम आणि परवानगीचा दट्ट्या ठेवतात का, की मूल आपणहून सांगतं? पालकांना जे माहीत होतं त्याचा सर्वांत मोठा झरा तिसरा निघाला. मूल सांगतं म्हणून कळतं. विचारपूस आणि बंधनं यांचा त्यात वाटा थोडका. उलट आपल्यावर पहारा आहे असं ज्या मुलांना वाटत होतं, त्यांचं एकूण बरं चाललेलं नव्हतं.

यातही गाठ आहे, आणि ती मी हिशेबनीस म्हणून आधी बघितली. ज्याचं ठीक चाललंय तेच मूल घरी येऊन सांगणार. ज्यानं सायकल नदीत घातली ते कशाला सांगेल? त्यामुळं सांगण्यानं भलं होतं की भलं असल्यानं सांगणं होतं, हे एवढ्यावरून सुटत नाही. लॉरेन्स स्टाइनबर्ग यांचा सहभाग असलेल्या गटानं 2004 मध्ये प्रतिवादही केला की पालकांच्या लक्ष ठेवण्याला आणि धाकाला असं मोडीत काढता येणार नाही. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटतं. लोकेशन मी अजून बंद केलेलं नाही, हे कबूल करतो. पण पाकीट उजेडापुढं धरणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी नक्की काय मिळालं असतं? तेवीस टिकमार्क. ज्याला सांगायचं नाही त्याच्याकडून काढून घेतलेल्या तेवीस खुणा.

हरिपूरला आमच्या अण्णांचं पेव होतं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती हळदीसाठी नावाजलेली. विहिरीसारखं खाली खोदलेलं, तोंड लहान आणि पोट मोठं, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती. वर्षानुवर्षं हळद आत राहायची, कीड लागायची नाही. लहानपणी मला ते उघडताना बघायचं फार वेड. पण तोंड उघडलं की अण्णा कुणालाही पुढं सरकू देत नसत. आत कोंडलेली हवा असते, उतरलेला माणूस वर येत नाही. आधी नुसतं उघडं ठेवायचं, बराच वेळ. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. विझला तर परत वाट बघायची. आम्ही पोरं तोपर्यंत संगमेश्वराच्या देवळामागं खेळून यायचो. 2005 च्या पुरात हरिपूरची बहुतेक पेवं गेली, आमचंही गेलं. अण्णांनी त्यानंतर दुकान हळूहळू मिटवलं. त्याबद्दल ते काय बोलले म्हणून मी आठवून बघितलं. काही नाही.

कुटुंबाचं स्वास्थ्य हा त्या बाईंच्या विषयाचा दुसरा अर्धा भाग. त्याच्यावर वाचताना मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पोचलो, मक्याच्या शेतात. 1980 च्या दशकात तिथल्या शेतकऱ्यांवर मोठं कर्जाचं संकट आलं. जमिनींचे भाव कोसळले, वाडवडिलांच्या शेतांचे लिलाव झाले. रँड काँगर आणि सहकाऱ्यांनी 1989 पासून तिथल्या 451 कुटुंबांचा अभ्यास सुरू केला, प्रत्येक घरात सातवीतलं एक मूल. पैशाची ओढाताण मुलापर्यंत पोचते कशी, हे त्यांना बघायचं होतं. पोचते ती वळसा घालून. आधी आईबापाचं मन खचतं, मग त्यांचं आपसातलं बोलणं करवादतं, मग मुलावर आवाज चढतो, आणि मग मुलाचं काहीतरी बिनसतं. तोटा वहीतला असतो, घरात येतो तो आवाज होऊन.

मी लॅपटॉप मिटला तेव्हा दीड वाजला होता.

आम्ही गावभागात राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. 45 फुटांना धोक्याची पातळी म्हणतात. आम्ही वरच्या मजल्यावर दोन रात्री काढल्या आणि तिसऱ्या दिवशी बोटीतून निघालो. पोरगं नऊ वर्षांचं. वखार भागातलं ऑफिस पूर्ण बुडालं होतं. कॉम्प्युटर, लोकांच्या फाइली, पावत्यांची पुडकी. रिटर्न भरायची मुदत त्या वर्षी 31 ऑगस्ट होती. पाणी ओसरल्यावर मी आणि माझा मदतनीस ओल्या पावत्या गच्चीवर दोरीला चिमट्यांनी वाळत घालायचो. कर्ज काढलं. जरा सावरतोय तर कोविड आला, आणि 2021 च्या जुलैत परत पाणी. त्या तीन वर्षांत मी पोराला एकदाही हात लावला नाही, असं मी लोकांना अभिमानानं सांगतो. आवाजाचा हिशेब मी ठेवलेला नाही.

पाश्चात्त्य पुस्तकांत किशोरवयीन मूल घरापासून सुटत जातं. अमेरिकेतल्या रीड लार्सन यांच्या एका अभ्यासात पाचवीतली मुलं जागेपणीचा 35 टक्के वेळ घरच्यांबरोबर घालवत होती आणि बारावीपर्यंत ते 14 टक्क्यांवर आलं. त्याच लार्सन यांनी चंदीगडमध्ये सुमन वर्मा यांच्याबरोबर आठवीतल्या शंभर मुलांना आठवडाभर गजराची घड्याळं दिली, गजर वाजला की काय करतोयस आणि कसं वाटतंय ते लिहायचं. आपली मुलं जागेपणीचा 39 टक्के वेळ घरच्यांबरोबर होती, आणि त्यात विशेष कुरकुरत नव्हती. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. आमचंही घरातच असतं. दिवाणावर पाय पसरून, अण्णांच्या शेजारी. दोघं मिळून तास तास क्रिकेट बघतात आणि एका षटकाला एक शब्द बोलतात.

नवव्या दिवशी, म्हणजे शनिवारी रात्री, लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी बसलेली. बायको बहिणीकडं मिरजेला गेली होती. अण्णा आत झोपलेले. मी भडंगाचा डबा घेऊन मागच्या पायरीवर बसलो. थोड्या वेळानं पोरगं आलं, फोनही उतरलेला असणार. दोन पायऱ्या सोडून बसलं. मी डबा मधे ठेवला.

बराच वेळ नुसता कुरुमकुरुम आवाज. मी म्हटलं, "पाकीट बघायला नको होतं मी. चुकलं."

"ठीकाय की."

परत कुरुमकुरुम. मग तो म्हणाला, "काय दिसलं?"

"काही नाही."

"दिसणार कसं. ते तुमचंच होतं, पप्पा. माझं मी आदल्या दिवशीच शाळेत दिलं होतं."

मी हसलो की काय केलं ते आठवत नाही. तो मात्र हसला, अंधारात आवाज आला. आणि मग काय झालं देव जाणे, तो बोलायला लागला. आधी शाळेतल्या कुणाचं तरी, मग गणिताचं. अकरावीला सायन्स घ्यायचं की नाही याचं. मधेच म्हणाला की फॉर्ममध्ये घरातल्या कुठल्या प्रसंगानं भीती वाटली असं काहीतरी होतं, तर त्यानं पूर लिहिलं. मी म्हटलं, पाणीच तेवढं होतं.

"पाण्याची नाही वाटली. बोटीत मज्जा येत होती मला. तुम्ही आईला ओरडत होता, पॉलिसीची फाइल वर राहिली म्हणून. सगळे बघत होते. आई खाली बघत होती. आणि आजोबा रडत होते."

"अण्णा?"

"हं. तोंड तिकडं करून, नदीकडं. मी त्यांच्या मांडीवर होतो ना, मला कळत होतं. पोट हलत होतं त्यांचं."

सहा वर्षं सांगितलं का नाहीस, हे अगदी जिभेवर आलं होतं. मी मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि चावत राहिलो. तो पुढं बोलतच होता. बोटीतल्या एका काकूंच्या पिशवीत कोंबडी होती. त्याला अण्णांनी खिशातली खडीसाखर दिली होती. ती ओली होती.

आतून अण्णांचा आवाज आला, "कोण रं बोलतंय एवढं?"

"काही नाही, आजोबा," पोरगं म्हणालं.